कुठवर आलेत

१

माझी छोटी पिकअप आहे. मिळेल ते भाडं मी वाहतो. कपाटं, फरश्या, एकदा तर एका नाटक मंडळीचं अख्खं सिंहासन. त्यामुळे दादाची तीनचाकी दुसऱ्या गावी पोचवायची वेळ आली तेव्हा गाडी शोधावी लागली नाही. घरचीच गाडी, घरचाच ड्रायव्हर.

दादा माझा थोरला भाऊ. शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. तरुणपणी लाकडाच्या वखारीत काम करताना त्याचा डावा पाय मांडीपासून गेला. बरा झाल्यावर त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली, तिचं मागचं चाक काढून तिथे आडवा आस आणि दोन चाकं बसवून घेतली, गिअरचा दांडा हाताशी आणला आणि मागे हत्यारांची पेटी जोडली. गल्लीत तिला सगळे 'विमान' म्हणायचे. दादाला त्याचा राग नव्हता. उलट तोच सांगायचा, "तुमच्या गाड्यांना स्टँड लागतो. माझी बघा, स्वतःच्या पायावर उभी असते."

मदत मात्र कुणाची घ्यायचा नाही. हात पुढे केला की म्हणायचा, "माझा नको, तुझ्या वहिनीच्या हातातली पिशवी धर."

तो गेला तोही कामावरच. एका गिऱ्हाइकाच्या घरी मशीन उघडून बसला होता. त्याने मशीनवर डोकं टेकलं. त्या घरच्या बाईंना वाटलं, कान लावून आवाज ऐकतोय. सवयच होती ती त्याची. समोर ठेवलेला चहा पार निवून गेला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

दादाला रुग्णवाहिकेतून घरी आणलं. तीनचाकी त्या बाईंच्या अंगणातच राहिली होती. चार दिवसांनी मी जाऊन ती चालवत आणली आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. आता घरात खाली वहिनी आणि वरच्या खोलीत मी. मी लग्न केलं नाही. दादा म्हणायचा, ह्याचं पिकअपशी लागलंय, बायको जरा धूर जास्त काढते एवढंच.

२

आमच्या दारासमोरून गटार जातं. त्यावर लोखंडी पत्रा टाकलाय. कुठलंही वाहन वरून गेलं की तो वाजतो. दुचाकीचा आवाज वेगळा, मोटारीचा वेगळा. तीनचाकीचा तर अगदीच वेगळा. आधी पुढच्या एकट्या चाकाचा एक ठण, मग मागच्या दोघांचा जोडीने ठणठण. इतकी वर्षं वहिनी पहिल्या ठणला चहाचं आधण ठेवायच्या. दादा पेटी उतरवून, कुबड्या काखेत मारून आत येईपर्यंत चहा गाळून तयार.

एका संध्याकाळी मी वरून खाली आलो तर वहिनी गॅससमोर उभ्या होत्या. आधण उकळून उकळून तळाला गेलं होतं.

"वहिनी, चहा?"

"पत्रा वाजला, भाऊजी."

"दूधवाला गेला असेल."

"दूधवाल्याची सायकल मला कळत नाही होय?"

मी शेडमध्ये जाऊन पाहिलं. तीनचाकी जिथल्या तिथे होती. कुलूप होतं. मी वहिनींना समजावलं. माणूस गेलं तरी कानाची सवय जात नाही, थोडे दिवस जाऊ द्यात. त्या "हो" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधण ठेवलं.

शेवटी एका संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. रस्ता रिकामा होता. अंधारही पडला नव्हता. वहिनी एकदम ताठ झाल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मी ऐकलं, एक ठण. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बसने भोंगा वाजवला आणि पुढचं काही असलंच तर त्यात बुडून गेलं.

"ऐकलंत?"

"पत्रा तापलेला असतो दिवसभर. संध्याकाळी गार पडताना वाजतो."

वहिनींनी माझं मनगट सोडलं. खरं सांगायचं तर त्या पत्र्याला हात लावून बघायचा धीर मला झाला नाही.

नंतर ओळखीतून एका गवंड्याचं कळलं. परांचीवरून पडून त्याचा पाय गेला होता. लांबच्या गावी राहायचा. देखरेखीची कामं मिळत होती, पण जायचं कसं, अशी अडचण. तीनचाकी मागायला त्याच्या बायकोचा फोन आला आणि वहिनींनी मला न विचारताच हो म्हणून टाकलं.

"गाडी गेली की आवाज जाईल," त्या मला म्हणाल्या. आणि मग तोंड फिरवून, "जायलाच हवा का हो?"

३

सकाळी मी पिकअप शेडला पाठ करून लावली. मागचा फाळका पाडला, दोन जाड फळ्या टेकवल्या. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला हाताखाली घेतलं. तीनचाकी चढवणं काही अवघड काम नाही. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागून रेटायचं. ह्याआधीही दुरुस्तीला न्यायला मी ती चढवली होती.

त्या दिवशी ती निम्म्या फळीवर येऊन अडली. ब्रेक तपासला, मोकळा होता. गिअर काढलेला होता. पेटी तर मी आदल्या दिवशीच उतरवली होती. आम्ही पुन्हा रेटा दिला, फळ्या वाकल्या, पंक्चरवाल्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"च्यायला, वर बसलंय की काय कुणी!" तो म्हणाला, आणि दारात वहिनी दिसल्या तशी त्याने जीभ चावली.

शेवटी चढली. मी चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावले. एक पट्टा पुढच्या चिमट्याला, एक मागच्या आसाला आणि तिसरा सीटवरून आडवा घेऊन ताणला. मग खाली उतरून पाहिलं. तीनचाकीची मागची दोन्ही टायरं खालून पसरली होती. हवा कमी असेल म्हणून पंक्चरवाल्याने मोजली.

"हवा बरोबर आहे," तो म्हणाला, आणि हात पुसत निघून गेला. चहालाही थांबला नाही.

वहिनी केबिनमध्ये येऊन बसल्या. मांडीवर पिशवी. मी म्हणालो होतो, तुम्ही नका येऊ, त्रास होईल. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर ह्या घरात मला त्याच गाडीवरून आणलंय. सोडायला यायला नको?"

४

माल बांधला की थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे बघायचे, हा आमच्या धंद्यातला नेम. गावाबाहेर मी गाडी कडेला घेतली.

पुढचा पट्टा ठीक होता. मागचाही. सीटवरचा पट्टा मात्र जागेवर नव्हता.

पट्टा सुटतो, हे मी हजारदा पाहिलंय. सुटला की तो लोंबतो, वाऱ्याने फडफडतो, कधी चाकात जाऊन चिंध्या होतो. हा गुंडाळून ठेवलेला होता. घट्ट, गोल, टोक आत खोचून. आणि हौद्याच्या कोपऱ्यात, पायात येऊ नये अशा जागी.

मी मनाशी म्हटलं, तिसरा पट्टा बांधायचा राहिलाच असेल. वहिनींशी बोलण्याच्या नादात विसरलो असेन. पण हाताच्या तळव्यावर तो ताणताना उठलेला लाल वळ अजून होता. मी पट्टा पुन्हा सीटवरून घेतला आणि शक्ती लावून ताणला. केबिनमध्ये येऊन बसलो तरी वहिनींना काही सांगितलं नाही.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना माळ. मी आरशात बघत होतो. केबिनच्या मागच्या काचेतून हँडल दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे आभाळ. हँडल थोडं डावीकडे वळलं. रस्त्यालाही तिथे डावीकडे वळण होतं. मग रस्ता सरळ झाला आणि हँडलही.

पुढचं चाक पट्ट्याने जखडलेलं होतं. ते हलायला जागाच नव्हती.

"थांबून बघा एकदा," वहिनी म्हणाल्या. त्या मागे वळल्या नव्हत्या, समोरच बघत होत्या.

मी थांबलो. सीटवरचा पट्टा पुन्हा कोपऱ्यात होता. गुंडाळलेला, टोक आत खोचलेलं.

परत आलो तेव्हा माझा चेहरा बघून त्यांना समजलं असावं. "ह्यांना पोटावर काही आवळलेलं चालत नाही," त्या म्हणाल्या. "कमरेचा पट्टासुद्धा सैल बांधायचे."

"वहिनी, असं काही नसतं."

"नसतं तर तो पट्टा कुणी सोडला?"

गाडी चालू करून मी नुसता बसून राहिलो.

"लोकांच्या घरी नाही पाठवता यायचं त्यांना," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "त्या बाईचा नवरा त्या सीटवर बसणार. एकाच सीटवर दोघं कसे बसतील?"

पुढे एक बंद पडलेला टोलनाका लागतो. फुटक्या काचांची खोली, वर पत्रा, खाली सिमेंटचा बाक. वहिनींनी तिथे गाडी घ्यायला लावली. स्वतः उतरल्या, मागे गेल्या. मला फाळका पाडायला सांगितला. पाडला. मग पदराने त्यांनी फाळक्याची कड पुसली, पाहुण्याला पाट पुसून द्यावा तशी.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. "उतरा आता. गाडी दिलीय आपण. त्या माणसाला तिची गरज आहे."

वारा नव्हता. काहीही हललं नाही. मला वाटलं, झालं, आता ह्यांना हाताला धरून केबिनमध्ये बसवावं, घरी न्यावं, डॉक्टरला दाखवावं.

मग पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले आणि हौदा वर उचलला गेला. जडसा माणूस उतरल्यावर उचलला जातो, तेवढाच. तीनचाकीची मागची टायरं गोल झाली.

वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. मी उघडे ठेवले होते, आणि मला काही दिसलं नाही.

५

गवंड्याच्या घरी आमची वाटच बघत होते. फळ्या लावल्या आणि मी एकट्याने तीनचाकी खाली घेतली, इतकी ती हलकी झाली होती. गवंडी कुबड्या भिंतीला टेकवून सीटवर बसला. दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा थेट गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि वळवून आणली. त्याची बायको तोंडावर हात धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली.

"उपकार कसले? वापरात ठेवा, गंजू देऊ नका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सीटवरून एकदा हात फिरवला. पुष्कळ दिवसांनी त्यांचा चेहरा सैल दिसत होता.

परतताना त्या बोलत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा बाजारातून परतताना गाडीवरून कशा पडल्या, आणि दादा ते न कळून तसाच घरापर्यंत बडबडत कसा गेला. आम्ही दोघंही हसलो.

टोलनाका जवळ आला तशा त्या गप्प झाल्या. मी वेग कमी केला. बाक रिकामा होता. मला बरं वाटलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "कुबड्या घरी राहिल्या."

मी ब्रेक दाबला.

"दाराआड आहेत. मी काल पुसून ठेवल्या. गाडी काढून घेतली मी त्यांची. पाय नाही, कुबड्या नाहीत. आणि माळावर उतरा म्हटलं. आणि ते उतरले हो. एका शब्दाने वाद घातला नाही."

त्या दार उघडून धावल्या. खोलीत पाहिलं, खोलीमागे पाहिलं. हाका मारल्या. मी फाळका पाडून ठेवला आणि त्याच्याशेजारी उभा राहिलो. "दादा, चल," म्हणालो. मोठ्याने म्हणताना लाज वाटली, म्हणून पुन्हा हळू म्हणालो. ऊन उतरलं. माळावर आमच्या गाडीची सावली लांब होत गेली. मी पाट्यांचा आवाज ऐकायला कान देऊन होतो.

ते वाजले नाहीत.

६

दुसऱ्या दिवशी आम्ही कुबड्या नेऊन बाकाला टेकवून ठेवल्या. पुढच्या आठवड्यात मी फरश्या घेऊन त्याच रस्त्याने गेलो तेव्हा त्या तिथे नव्हत्या. माळावर गुरं चारणारे येतात, लाकूड वेचणारे येतात. कुणीही नेल्या असतील. तसंच मी वहिनींना सांगणार होतो. पण त्या दिवसागणिक वाळत चालल्या होत्या. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. पत्रा आता वाजत नव्हता, आणि तोच न वाजणारा पत्रा ऐकत त्या रोज संध्याकाळी पायरीवर बसायच्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "निघालाय तो, वहिनी. कुबड्या घेतल्यात."

"खरंच?"

"नाक्यावर नाहीये आता."

निघालाय म्हणजे घराकडेच. माणूस दुसरीकडे कुठे जाणार? त्या रात्री वहिनी पोटभर जेवल्या.

तिकडे, गवंड्याच्या गावाच्या बाजूला, एका मोठ्या घराचं काम निघालं होतं, त्यामुळे माझी खेप दर आठवड्याला ठरलेलीच. एकदा जाताना नाक्याच्या पुढे, मोरीपाशी, कडेने कुणीतरी कुबड्यांवर चाललेलं दिसलं. लांब होतं, उन्हात थरथरत होतं. पाठमोरं. मी तिथे पोचेपर्यंत मोरीवर कुणी नव्हतं. पुढच्या खेपेला निलगिरीच्या रांगेपाशी. तेव्हाही पाठमोरं. जगात पाय गेलेली माणसं काय कमी आहेत? मी मनाला हेच सांगत होतो. आणि निलगिरीची रांग मोरीच्याही पुढे आहे, आमच्या गावापासून आणखी लांब, हे मात्र सांगत नव्हतो.

घरी आलो की वहिनी दारातच विचारायच्या, "कुठवर आलेत?"

मी सांगायचो. वडाच्या झाडापर्यंत. वीटभट्टीपर्यंत. आमच्या बाजूची ठिकाणं निवडून निवडून सांगायचो. वहिनी घर आवरायला लागल्या. दादाचे शर्ट धुऊन इस्त्रीला दिले.

गवंड्याला फोन करावा असंही वाटून गेलं. पण काय सांगणार? दार लावून घ्या म्हणून?

७

काल फरश्या उतरवून मी परत येत होतो. टळटळीत दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. निलगिरीची रांग अजून पुढे होती, तेव्हा समोरून तो येताना दिसला.

ह्या वेळी तो नाहीसा झाला नाही. मीच वेग कमी करत गेलो. दोन कुबड्या पुढे पडायच्या, मग पाय. टक-टक, थप. गिऱ्हाइकाकडे गेला त्या दिवशीचाच शर्ट. दाढी वाढलेली, ओठ सुकून फुटलेले, भुवयांवर धूळ. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि काच खाली केली.

"दादा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रस्त्याने जाणारा माणूस थांबलेल्या गाडीकडे बघतो, तसं. एक कुबडी जराशी उचलून हलवली, म्हणजे 'नको, जा तुम्ही पुढे'. आणि माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावरून तो गेला.

मी आरशात पाहिलं. आरशात नुसता रस्ता होता. आवाज मात्र अजून लांब लांब जात होता. टक-टक, थप.

घरी कसा आलो, माहीत नाही. वहिनी गॅसपाशी होत्या. माझी पावलं ऐकून त्यांनी ताट घेतलं.

"कुठवर आलेत?"

"पेट्रोलपंप दिसायला लागलाय आता."

"अगंबाई! इतक्या जवळ?" त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "थकले असतील."

"थकलाय. दाढी वाढलीय, ओठ फुटलेत."

"चेहरा दिसला?"

"दिसला ना. अगदी जवळून, समोरासमोर." काही तरी खरं सांगायला मिळालं म्हणून माझा जीव हलका झाला होता.

वहिनी हसल्या. भात वाढायला डाव उचलला आणि तसाच धरून राहिल्या.

"जाताना दिसले की येताना, भाऊजी?"

"येताना," मी म्हणालो.

बाहेर एक दुचाकी पत्र्यावरून गेली. वहिनींचं तिकडे लक्ष नव्हतं.

"येताना तुमचं तोंड घराकडे," त्या म्हणाल्या. कोडं सुटत जावं तशा सावकाश. "घरी येणाऱ्या माणसाची तुम्हाला पाठ दिसली असती."

त्यांनी भात वाढला, वर वरण घातलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. माझ्यासमोर खाली बसल्या. मग भिंतीपलीकडच्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"एकदा तरी मागे वळून बघितलं का हो त्यांनी?"

मी मान खाली घातली आणि घास उचलला.